संथ म्हणजे भावपूर्ण नव्हे

आमच्या उपनगरांतील कॅथलिक घरांमध्ये एक श्रद्धावचन रूढ होऊन बसले आहे. ख्रिस्तसभेने ते कधी शिकवले नाही, धर्मशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात ते छापलेले नाही. तरीही अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत त्याविषयी कोणाला शंका म्हणून नाही. ते वचन असे: संगीत जितके संथ, तितके भावपूर्ण. या वचनाशी आमचे भांडण आहे. भांडण्याचा अधिकार आम्हाला एवढ्यासाठी पोहोचतो की त्याच्या आहारी जाऊन आम्ही स्वतः एका मुलावर अन्याय केला आहे.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या सभागृहात तरुणांसाठी पियानोवादनाची स्पर्धा भरली होती. तिघा परीक्षकांत आम्ही एक होतो. सेमिनरीत असताना आम्ही पियानो शिकलो होतो, आणि धर्मगुरू सहसा नकार देत नाहीत, एवढीच आमची पात्रता. अंतिम फेरीत दोघा स्पर्धकांनी योगायोगाने एकच रचना निवडली: फ्रेडरिक शोपँ याची दहाव्या ओपसमधील तिसरी एट्यूड, ई मेजरमधील. एट्यूड म्हणजे हाताच्या एखाद्या विशिष्ट अडचणीवर मात करण्यासाठी बांधलेली रचना. आधी वाजवणाऱ्या मुलीने तिला जवळजवळ पाच मिनिटे घेतली. सभागृह स्तब्ध झाले, दुसऱ्या रांगेतील एका आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. मग एक सोळा वर्षांचा मुलगा आला आणि तीच रचना सव्वातीन मिनिटांत संपवून, वाकून अभिवादन करून, खाली उतरला. त्याच्या कागदावर आम्ही लिहिले: ‘घाई. भावनेचा अभाव.’ गुण अर्थातच त्या शेऱ्याला शोभतील असे.

मुलाने कागद वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि ‘थँक्यू, फादर’ म्हणाला. त्याची आई मात्र थांबली. ‘फादर, पुस्तकात लिहिलंय तसंच वाजवलं हो त्यानं,’ ती म्हणाली. अशा वेळी आयांकडे पाहून हसण्याचे जे एक हसू आम्हा धर्मगुरूंना अंगवळणी पडलेले असते, ते आम्ही हसलो. पुस्तक उघडून पाहण्याची बुद्धी आम्हाला तब्बल चार महिन्यांनी झाली.

पुस्तकात काय आहे ते आता सांगितलेच पाहिजे. ही एट्यूड शोपँने १८३२ साली पॅरिसमध्ये लिहिली आणि १८३३ साली दहाव्या ओपसच्या बारा एट्यूडांत ती छापली गेली. तो संच त्याने फ्रान्झ लिस्ट याला अर्पण केला आहे. छापील पानाच्या माथ्यावर ‘लेंतो मा नॉन ट्रोप्पो’ असे शब्द आहेत, म्हणजे संथ, पण फार नव्हे. त्या शब्दांशेजारी मेट्रोनोमचा आकडा आहे: मिनिटाला १०० क्वेव्हर. रचना ७७ बारांची, प्रत्येक बारात चार क्वेव्हर. गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. एकूण ३०८ क्वेव्हर, म्हणजे न थांबता वाजवल्यास तीन मिनिटे पाच सेकंद. अधूनमधून लय सैल करण्याच्या ज्या सूचना आहेत त्या पाळल्या की सव्वातीन. त्या मुलाने पुस्तकातले वाजवले होते. आम्ही मात्र पुस्तक न वाचता केवळ मनातल्या आठवणीवर निकाल दिला होता.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. शोपँच्या हस्तलिखितांत ‘लेंतो’ हा शब्द आधी नव्हताच. एका प्रतीत ‘व्हिवाचे’, म्हणजे चपळ, असे लिहिलेले आहे. दुसरीत ‘व्हिवाचे मा नॉन ट्रोप्पो’, चपळ पण फार नव्हे. छपाईच्या वेळी शब्द बदलला. म्हणजे ज्या रचनेला आपण शोकगीत समजतो, तिच्या कर्त्याला ती प्रथम चपळ वाटली होती! ‘ट्रिस्टेस’, म्हणजे विषाद, हे जे नाव तिला चिकटले आहे तेही शोपँचे नव्हे. १९५० साली जो स्टॅफर्डने हीच सुरावट ‘नो अदर लव्ह’ या गीतात गायिली आणि जगभर घराघरांत ती विरहगीत म्हणून पोहोचली. आमच्या आधीच्या पिढीने पियानोवर ती ऐकण्याआधी गाण्यात ऐकली. गायिकेला श्वास असतो, शब्द असतात, एखादा स्वर ती हवा तितका लांबवू शकते. पियानोला यांतले काही नाही.

या मुद्द्यावर थोडे रेंगाळू, कारण खरा घोळ येथेच आहे. पियानोच्या पट्टीवर बोट पडले की हातोडी तारेवर आदळते आणि त्या क्षणापासून स्वर मरू लागतो. बोट कितीही दाबून धरा, तो पुन्हा वाढत नाही. चाल गाती ठेवायची तर आधीचा स्वर विझण्यापूर्वी पुढचा आला पाहिजे. शोपँला प्रिय असलेले प्लेयेल कंपनीचे पियानो आजच्या मैफिलीच्या पियानोहून हलक्या अंगाचे होते. त्यांच्या पट्ट्या कमी खोल जात आणि त्यांचा स्वरही लवकर ओसरे. अशा वाद्यावर मिनिटाला साठ क्वेव्हरांची चाल धरली तर सुरावटीची मण्यांची माळ होते, आणि तीही धागा तुटलेली. आजचा नऊ फुटी पियानो स्वर अधिक वेळ धरून ठेवतो. म्हणून मोठमोठ्या वादकांना ती चैन परवडते आणि त्यांची ध्वनिमुद्रणे चार मिनिटांच्या आगेमागे जातात. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही.

तक्रार आहे ती त्यांची नक्कल आय. सी. कॉलनीतल्या किंवा मरोळच्या दोन खोल्यांच्या घरात करण्याविषयी. आमच्या घरांतले वाद्य कोणते? आजोबांनी कधीकाळी धोबी तलावावरून आणलेला अपराइट, ज्याच्या पोटात पावसाळी दमटपणा घालवण्यासाठी लहानसा बल्ब जळत असतो, ज्याच्या दोनतीन पट्ट्या जून ते सप्टेंबर खाली गेल्या की वर येत नाहीत. नाहीतर लिफ्टमध्ये मावतो म्हणून घेतलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. या वाद्यांचा स्वर शोपँच्या प्लेयेलप्रमाणेच, कदाचित त्याहूनही लवकर, विझतो. तेव्हा शोपँचा आकडा आजच्या व्हिएन्नातील वादकापेक्षा आमच्या बोरिवलीतील मुलालाच अधिक लागू आहे, असे आम्ही म्हटले तर ते चमत्कारिक वाटेल, पण ते खरे आहे. मूल मोबाइलवर महान वादक ऐकते, त्याची लय उचलते, घरच्या पियानोवर ती आणते आणि मग स्वरांमधल्या रित्या जागा चेहऱ्यावरच्या दुःखाने भरून काढते. श्रोत्यांना ते दुःख दिसते. आम्हालाही त्या दिवशी दिसले होते.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा की शोपँचा मेट्रोनोमच बिघडलेला असेल. मेट्रोनोम तेव्हा नवा होता खरा. आम्स्टरडॅमच्या विंकेलची कल्पना घेऊन मेल्त्सेलने त्याचे पेटंट १८१५ साली मिळवले होते. पण याच संचातील पहिल्या एट्यूडला मिनिटाला १७६ क्रॉचेट आणि चौथीला ८८ मिनिम असे आकडे आहेत, आणि ते हातांची परीक्षा पाहणारे आहेत. त्यांना कोणी बिघडलेले म्हणत नाही. उलट, तेथवर पोहोचणे हा वादकांना अभिमान वाटतो. बिघाडाची शंका येते ती फक्त तिसरीच्या आणि सहावीच्या आकड्याविषयी, म्हणजे ज्या दोन रचनांना आपण विषादाच्या खात्यावर घातले आहे त्यांच्याविषयी. एकच यंत्र जलद रचनेत खरे बोलते आणि संथ रचनेत खोटे, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८३६ नंतर, सत्ताविसाव्या ओपसच्या पुढे, शोपँने मेट्रोनोमचे आकडे देणे सोडून दिले. म्हणजे त्याचा स्वतःचाच त्यांवर विश्वास उरला नव्हता, असे म्हणतात. असेल. पण त्याचा शिष्य कारोल मिकुली याने लिहून ठेवले आहे की ताल सांभाळण्याच्या बाबतीत गुरुजी कठोर होते आणि त्यांच्या पियानोवरून मेट्रोनोम कधी हलला नाही. आकडा देणे सोडले म्हणजे लय सोडली असे नव्हे. शूमानच्या १८३८ सालच्या ‘ट्रॉयमराय’ या छोट्या स्वप्नचित्राचेही असेच झाले: त्याने १०० क्रॉचेट लिहिले, पत्नी क्लाराने आपल्या आवृत्तीत ते ८० वर आणले, आणि आज आपल्या मुली ते त्याहूनही खाली नेतात. प्रत्येक पिढी थोडी थोडी उतरली, आणि उतरण्यालाच परंपरा म्हणू लागली.

आणि हो, ‘लेंतो’ व १०० यांत विसंगती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पानावरचा दोन-चतुर्थांशाचा आकडा पाहावा. बारात ठोके दोन आहेत, चार नव्हेत. शंभर क्वेव्हर म्हणजे पन्नास क्रॉचेट. मिनिटाला पन्नास ठोके! विश्रांती घेणाऱ्या माणसाचे हृदयदेखील सहसा याहून जलद चालते. ठोका कोठे धरायचा हे चुकले की रचना धावते आहे असे वाटते. ठोका क्रॉचेटवर धरा, तीच चाल संथ आणि तरीही वाहती होते. तो मुलगा ठोका बरोबर धरत होता. आमचे कान क्वेव्हर मोजत होते.

आमचे काही वाचक हिंदुस्थानी संगीत जाणतात. ते म्हणतील, विलंबित लय ही तर आपल्या मातीतली थोरवी आहे. उस्ताद अमीर खाँ झुमऱ्यात किती संथ चालत! मान्य. अमीर खाँ या मुंबईनेही ऐकले, भेंडीबाजारच्या अमान अली खाँची छाया त्यांच्या गाण्यावर आहे असे जाणकार सांगतात. ग्वाल्हेरच्या जुन्या गायकांचा ख्याल याहून पुष्कळ चालता असे. अतिविलंबित ही गेल्या शतकातली घडण. परंतु खाँसाहेबांनी जुनी बंदिश नुसती ताणली नाही. चौदा मात्रांच्या त्या दीर्घ आवर्तनात त्यांनी स्वर-स्वराने राग वाढवला. रिकामी झालेली जागा त्यांच्या प्रतिभेने भरली. शोपँच्या पानावर प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला आहे. वादकाला तेथे एकही स्वर घालता येत नाही. त्याने लय अर्धी केली तर जागा दुप्पट होते, आणि भरायला हाती काही नसते.

येथे कोणी ज्येष्ठ धर्मगुरू-बंधू विचारतील, पियानोच्या या उठाठेवीत तुम्ही का पडता? २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहाव्या पायसनी पियानो चर्चमध्ये वर्ज्य केला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. गोरेगावची ज्या सेमिनरीत आम्ही शिकलो ती त्याच संताच्या नावाने आहे आणि तिच्या विरंगुळ्याच्या खोलीत आम्ही पियानो बडवत असू. संतांनी हे गोड मानून घेतले असावे. पण प्रश्नाचे उत्तर देतो. स्पर्धेतल्या आमच्या शेऱ्याचे मूळ चर्चमध्येच आहे. आमच्या मिस्सेत ईस्टरचे विजयगीतदेखील दफनविधीला निघाल्यासारखे गायिले जाते आणि त्याला आपण भक्ती म्हणतो. ओळ इतकी ताणली जाते की बाकांवरच्या लोकांना एका श्वासात ती पुरी करता येत नाही. मग ते गाणे सोडतात आणि गायकवृंदाकडे माना वळवून बसतात. अंधेरीत महाकाली गुंफांच्या रस्त्यावर फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी जो ज्ञान आश्रम उभा केला, तेथल्या भजनांत लोकांचा श्वास ओळखलेला असतो. आपण मात्र कीबोर्डवरचे तालाचे बटण दाबतो. यंत्राने आकडा धरला की धापा टाकणारे धर्मग्रामस्थ त्याला दिसत नाहीत. कान असा बिघडलेला असताना परीक्षकाच्या खुर्चीत बसून आम्ही दुसरे काय लिहिणार होतो?

वेगाचे भक्त आमच्या बाजूला येऊन बसतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. लंडनच्या बोर्डांच्या ग्रेड परीक्षा वाईट नाहीत, त्यांनी आमच्या मुलांना शिस्त लावली. पण बाराव्या वर्षी आठवी ग्रेड झाल्याचे पेढे वाटणारे पालक, आणि सेकंदाला किती स्वर पडले ते मोजून टाळ्या वाजवणारे काका, यांच्यासाठी हा लेख नाही. शंभर हा आकडा शर्यतीची रेघ नव्हे. ज्याच्या हातून ऐंशीला रचना गाते आणि शंभरला नुसती खडखडते, त्याने ऐंशीला वाजवावी. कर्त्याने दोन वेळा लिहून ठेवलेले ‘फार नव्हे’ दोन्ही बाजूंना लागू आहे.

आता त्या मुलाकडे वळू. पुस्तक पाहिल्यावर आम्ही त्याला फोन केला, चूक कबूल केली. तो क्षणभर गप्प राहिला. माफीचे त्याला फारसे काही वाटले नसावे. निकाल लागून गेला होता, करंडक दुसऱ्या घरात होता, आणि त्याच्या वडिलांनी ‘आता बारावीकडे बघ’ असे सांगून पियानोवर चादर घातली होती. त्याने एवढेच विचारले, ‘मग फादर, मधला भाग तुम्ही कसा वाजवाल?’

या प्रश्नाने आम्हाला पन्नाशीनंतर पुन्हा पियानोवर बसवले. ज्यांना ही रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आरंभी उजव्या हाताची दोन दुबळी बोटे, करंगळी आणि तिच्या शेजारचे, चाल गातात, आणि त्याच हाताची उरलेली बोटे खाली सेमीक्वेव्हरांची साथ करतात. एका हाताने गायचे आणि त्याच हाताने पाळणा हलवायचा, असा हा प्रकार आहे. करंगळीवर भार द्यायचा तर मनगट सैल हवे, आणि अंगठा तर स्वभावाने आडदांड, त्याला दम देऊन मऊ ठेवावे लागते. एवढे साधायला आम्हाला दोन महिने लागले. एकविसाव्या बारावर ‘किंचित अधिक सजीव’ अशी सूचना येते. आणि सेहेचाळिसाव्या बारापासून आठ बार दोन्ही हातांतून जोडस्वरांचा जो लोंढा सुटतो, तेथे शोपँने ‘कॉन ब्राव्हुरा’, धडाडीने, असे लिहिले आहे. चाल परत येते ती बासष्टाव्या बारावर, मूळ लयीत.

मुलाचा प्रश्न किती खोल होता ते येथे कळते. आरंभ साठला घेणारे वादक या लोंढ्यापाशी आले की लय जवळजवळ दुप्पट करतात, कारण साठच्या चालीत धडाडी शक्यच नसते. पण पानावर ‘किंचित’ आहे, ‘दुप्पट’ नव्हे! त्यांच्या हाती एक रचना राहत नाही; आधी एक विलाप, मग एक वादळ, मग पुन्हा विलाप, असे तीन तुकडे पडतात. लय पहिल्या ओळीवरून ठरवायची नसते. ती सेहेचाळिसाव्या बारावरून ठरवायची, आणि मग पहिल्या बाराकडे परत यायचे. जी चाल तेथे धडाडीची वाटेल तीतून ‘किंचित’ वजा करा. उरेल तो आपला आरंभ. आमच्या मते, आमच्या घरांतल्या वाद्यांवर आणि साध्या हातांना, तो ऐंशी ते नव्वद क्वेव्हरांच्या दरम्यान पडतो. शंभर हा अजूनही आम्हाला थोडा उतावळा वाटतो. कान एकदम सुधारत नाहीत. पण साठ आम्हाला आता ऐकवत नाही.

आता नियम आमचाच, तेव्हा तो आम्हालाही बांधतो. ऐंशीला आमचा आरंभ बरा गातो असे स्वयंपाकघरातल्या बाईही म्हणतात. सेहेचाळिसाव्या बाराशी मात्र बहात्तरलाच बोटे एकमेकांत अडकतात. म्हणजे आमच्याच हिशेबाने आम्ही आरंभ सत्तरच्याही खाली घ्यायला हवा, जेथे तो गात नाही. ही गोष्ट आम्ही त्या मुलाला व्हॉट्सॲपवर कळवली. त्याचे उत्तर दोन दिवसांनी आले: ‘फादर, डाव्या हाताचे बोट बदला. पाचऐवजी चार. रविवारी नऊच्या मिस्सेनंतर येतो.’

पियानो खोलीत आहे तो खिडकीपाशी. बल्ब गेला होता, तो काल बदलून घेतला.